एका गोलाची आघाडी

भारतीय महिला हॉकी संघाचा विषय निघाला की गुणवत्तेची चर्चा होते. गुणवत्तेची वानवा नाहीच. मुलींना शिकवताना मी या संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ लावतो, तेव्हा बहुतेकदा शेवटचा क्वार्टर लावतो. हा संघ हरतो तो तिथे, आणि जिंकायला शिकतोय तोही तिथेच.

२०२१चं टोकियो ऑलिंपिक आठवा. पहिले तीन सामने हरलेल्या या मुलींनी आयर्लंडला १-० आणि दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवलं. मग उपांत्यपूर्व फेरीत समोर ऑस्ट्रेलिया. गुरजित कौरनं २२व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि उरलेली ३८ मिनिटं तो राखायची वेळ आली. ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळाले, गोलकीपर सविता पुनियानं एकही आत जाऊ दिला नाही. चारच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध ०-२वरून मध्यंतरालाच ३-२ अशी आघाडी घेतली आणि सामना ३-४ गमावला. तोच संघ, त्याच मुली.

आघाडी एका गोलाची आणि पाच मिनिटं बाकी. अशा वेळी धास्तावलेल्या संघाच्या हाती चेंडू आला की तो समोर कुठेतरी हाणून देतो. काही सेकंदांत चेंडू परत आपल्या डीच्या तोंडाशी. मग घाईचा टॅकल, पायाला चेंडू, पेनल्टी कॉर्नर. स्वतःच्या २३ मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम फाऊल केला तरी शिक्षा तीच. वर हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं एक खेळाडू कमी. मुरलेला संघ चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात नेतो, बेसलाइनजवळ तो खेळवत ठेवतो, साइड हिट मिळवतो, ती सावकाश घेतो. बचावपटूकडे मागे पास द्यायला तो लाजत नाही. आपल्याकडे मागे पास दिला की प्रेक्षकांतून ओरडा होतो, आणि मुलींच्या कानांवर तो लहानपणापासून पडत आलेला असतो!

२०२२मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलच्या कांस्यपदकासाठी सलीमा टेटेच्या गोलावर न्यूझीलंडविरुद्ध आपण पुढे होतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पेनल्टी स्ट्रोक गेला, बरोबरी झाली. शूटआउटमध्ये सवितानं तारलं म्हणून सोळा वर्षांनी पदक आलं. जानेवारी २०२४मध्ये रांचीच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत तेवढं नशीब नव्हतं. जर्मनीशी २-२, शूटआउटमध्ये हार. पुढच्या सामन्यात जपाननं सहाव्या मिनिटाला केलेला एक गोल आपल्याला फेडता आला नाही. पॅरिस हुकलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राजगीरला चीनविरुद्धचा आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. चीन म्हणजे ऑलिंपिकचा ताजा रौप्यविजेता. दीपिकाचा ३१व्या मिनिटाचा गोल, नंतर तिचाच पेनल्टी स्ट्रोक अडवला गेला, तरी संघ विस्कटला नाही. १-० तसाच टिकला. माझ्या मते टोकियोनंतरचा हा सर्वांत शहाणपणाचा विजय. शहाणपण टिकलं असं मात्र नाही: २०२५मध्ये प्रो लीगमध्ये आपण तळाला गेलो. सप्टेंबरात हांगझोला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात नवनीत कौरनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, आणि चीननं आपल्याला ४-१नं हरवलं. शेवटच्या क्वार्टरमधले दोन गोल लागोपाठचे. पहिल्या मिनिटाला आघाडी मिळणं हे नवख्या संघाला जडच जातं. ५९ मिनिटं करायचं काय?

दोष मुलींचा कमी, त्या ज्या स्पर्धांतून वर आल्या त्यांचा जास्त. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या सुरुवातीच्या फेऱ्यांचे जुने निकाल पाहा, दहा-बारा गोलांचे फरक सर्रास दिसायचे. हरियाणा, झारखंड किंवा ओडिशाची एखादी हुशार मुलगी तिथे डझनावारी गोल करायची, पण अटीतटीचे सामने वर्षाकाठी तिच्या वाट्याला किती यायचे? सराव शिबिरात फलकावर १-० लिहून, समोरच्यांचा गोलकीपर काढून अकरावी खेळाडू मैदानात उतरवून पाच-पाच मिनिटं खेळवता येतं, मी खेळवतो. पण हरण्याची खरी भीती शिबिरात येत नाही.

म्हणून २०२५च्या जानेवारीत सुरू झालेली महिला हॉकी इंडिया लीग मला मोलाची वाटते. संघ चारच, पण परदेशी खेळाडूंमुळे बरेच सामने चुरशीचे. अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला २-१ हरवलं. दोन्ही गोल आपल्या साताऱ्याच्या ऋतुजा पिसाळचे, दुसरा ५६व्या मिनिटाला. पुढे आशिया चषकाच्या संघात ती होती, साताऱ्याचीच वैष्णवी फाळकेही होती. असे सामने मुलींना विशीत नव्हे, पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळायला हवेत. राज्य स्पर्धांत ताकदीनुसार गट पाडले तर त्याला वेगळा पैसाही लागणार नाही.