पिठोबा

बोरिवलीला एकसरमध्ये आमचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगणात तीन माड. त्यातला एक वठला तेव्हा आजोबांनी तो तोडून घेतला, खोड विहिरीच्या कडेला आडवं टाकलं, आणि ते तिथेच दोन पावसाळे कुजत राहिलं. मी सातवीत होते. जानेवारीतल्या एका सकाळी आजीने कुंड्यांत घालायला म्हणून त्या खोडाचा भुसा खुरप्याने उकरला, तर आतून पांढऱ्या, जाडजूड अळ्या निघाल्या. पाच. प्रत्येक अळी अंगाची मुटकुळी करून पडलेली, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय आणि मागचा भाग आत माती भरल्यासारखा निळसर.

"हुमणी!" आजी म्हणाली आणि तिने खुरपं उचललं. तिचं माहेर सांगलीकडचं. उसाची मुळं खाऊन उभं पीक वाळवणारी हुमणी तिने लहानपणापासून पाहिलेली. पण त्या दिवशी नारळ काढणारे काका आले होते. त्यांनी एक अळी तळहातावर घेतली. "आजी, ही हुमणी नाही. हुमणीला जिवंत मुळं लागतात, ही कुजकं खाऊन वाढते. हा गेंड्या भुंगा. हुमणी परवडली." त्यांनी वर बोट दाखवलं. दुसऱ्या माडाच्या दोन झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत होत्या. भुंगा शेंड्यात शिरून न उलगडलेली झावळी, म्हणजे सुई, कुरतडतो आणि ती उलगडली की असे काप दिसतात. काकांच्या कमरेला कोयत्याशेजारी एक लोखंडी आकडा असायचा. भोकात लपलेला भुंगा टोचून बाहेर ओढायला. त्या आकड्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

अळ्या मारायच्या म्हटल्यावर मी रडले. शेवटी आजीने अट घातली: पाळायच्या तर पाळ, पण यातला एकही भुंगा माझ्या माडावर जाता कामा नये. मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला.

खुरपं लागलेली अळी संध्याकाळीच गेली. उरलेल्या चार तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, खोडाच्याच भुशात ठेवल्या. मूठभर भुसा दाबला तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल ठेवायची हे मी चुकत चुकत शिकले. त्या रात्रंदिवस खात. दर आठवड्याला मी जुन्या पोह्यांच्या चाळणीने भुसा चाळायचे. मिऱ्यांपेक्षा मोठ्या, चपट्या, कोरड्या लेंड्या चाळणीत राहायच्या. त्यांना घाण वास नव्हता, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा होता. सगळ्यांत मोठ्या अळीला आजीनेच नाव दिलं, पिठोबा. हातावर ठेवला की तो गार लागायचा, हळूहळू उलगडायचा आणि जबड्याने माझी कातडी चाचपायचा. कुशीवर असलेली श्वासाची भोकं बारीक तपकिरी टिंबांसारखी ओळीने दिसायची. त्याच्या पातळ कातडीखाली काहीतरी सतत हलत असायचं. ते मी तासन्‌तास बघत बसे.

बोरिवलीतला प्राणी म्हटलं की लोकांना राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या आठवतो. मला अजूनही ते टिंबांच्या ओळीचं अंग आठवतं.

मार्चमध्ये दोन अळ्या ताठरल्या. अंगावर आधी पांढरी बुरशी आली, मग ती गर्द हिरवी झाली. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी चुकलं. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकताना कळलं की ती बहुधा मेटारायझियम असावी. माडवाले हीच बुरशी मुद्दाम शेणखताच्या खड्ड्यात सोडतात, याच अळ्या मराव्यात म्हणून. त्या वर्गात मी वहीत काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये उरलेल्या दोघांनी खाणं सोडलं. मी त्यांना लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्यांत हलवलं आणि बरण्यांना काळं फडकं गुंडाळलं. चार दिवस वाट पाहून मला राहवलं नाही, एका बरणीत मी चमच्याने उकरलं. कोषासाठी भुशात केलेली कोठी ढासळली आणि कोष वाया गेला. हे मात्र माझ्याच हातून झालं होतं. पिठोबाच्या बरणीला मग मी हात लावला नाही. त्याने नशिबाने काचेलगतच कोठी केली होती. फडकं बाजूला केलं की मधाच्या रंगाचा कोष दिसायचा, डोक्यावर शिंगाचा आकार, पाय छातीशी जुळवलेले. उजेड पडला की तो पोटाकडून वळवळायचा.

तीन आठवड्यांनी तो कोषातून बाहेर आला तेव्हा त्याचे पंख पांढरे होते. मग तांबूस झाले, आणि काही दिवसांत चकचकीत काळे. त्यानंतरही तो पंधरवडाभर कोठीतच बसून राहिला. लिनियसने १७५८ मध्ये या भुंग्याला गेंड्याचंच नाव दिलं, आणि त्याच्या वंशाचं नाव आहे ऑरिक्टीस, म्हणजे खणणारा. पिठोबा कोठी फोडून वर आला त्या रात्री ते नाव किती खरं आहे ते मी पाहिलं. ओल्या भुशातून आधी शिंग निघालं, मग काटेरी पुढचे पाय. मुठीत धरला तर बोटं उचकटून निघायचा आणि चिडला की पंखाखालून चीं-चीं करायचा.

जूनचा पहिला पाऊस रात्री आला. पिठोबा बरणीच्या झाकणावर धडका मारायला लागला. टक, टक, मग पंखांची घरघर. मी उठून बसले. आजीही जागी होती. "सोडू का गं?" मी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "शब्द तू दिलायस. मी मागे घेतला तर तो तुझा राहायचा नाही." मागे दोन्ही माड पावसात सळसळत होते. आम्ही दोघी पहाटेपर्यंत बरणीपाशी बसलो होतो.

केळ्याच्या फोडी आणि उसाची कांडी खाऊन तो गणपतीनंतरही जगला. एका सकाळी भुशावर पाय वर करून पडलेला होता. ऑक्टोबरमध्ये नारळाचे काका आले. शेंड्यातून ओरडून म्हणाले, "सुई साबूत आहे!" खाली उतरल्यावर आजीने त्यांच्यासमोर बरणी ठेवली. काचेलगत फुटकी कोठी अजून तशीच होती. त्यांनी आकडा कमरेला खोचला, बरणी उजेडात धरली, मग हात आत घालून एक बोट कोठीच्या भिंतीवरून फिरवलं.

"एवढी गुळगुळीत करतो होय?" ते म्हणाले, आणि परत एकदा बोट फिरवलं.