नकाराचा तास

मराठी भाषेने आपल्याला ज्या लहानसहान देणग्या दिल्या आहेत, त्यांत 'नको' या शब्दाला मी फार वरचे स्थान देईन. 'नाही' साऱ्या भाषांत असते. वस्तुस्थिती नाकारायला ते लागतेच. 'नव्हे' आहे, 'नये' आहे. परंतु 'नको'ची जात निराळी. त्यात वस्तुस्थिती नसते, नियम नसतो. बोलणाऱ्याची इच्छा तेवढी असते. भाजी नासली म्हणून नको असे नाही, वैद्याने सांगितले म्हणून नको असेही नाही. मला नको, म्हणून नको. हिंदीत याच कामाला 'नहीं चाहिए' अशी दोन शब्दांची जोडी जुंपावी लागते. आपल्याकडे दोन अक्षरांत भागते, आणि कारण देण्याची जबाबदारी त्या अक्षरांवर नसते.

इतका नेमका शब्द पदरी असून आपण त्याची काय दशा केली आहे, पाहा. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन येतो. पाहुणा 'नको, नको' म्हणत पानावर दोन्ही हात आडवे धरतो. वाढपी हातांच्या फटीतून जिलेबी सोडतो आणि सारी पंगत हसते. दिवाळीच्या फराळाला कुणाकडे जा. तुमच्या 'नको'वर विश्वास ठेवणारी गृहिणी मला अजून भेटायची आहे. मग शहाणी माणसे 'नको' म्हणणेच सोडून देतात. ती 'बघू' म्हणतात, 'कळवतो' म्हणतात. मुलगी पसंत नसली की पत्रिका जुळत नाही. माझ्या एका आतेबहिणीची पत्रिका सात ठिकाणी जुळली नव्हती. आठव्या ठिकाणी देण्याघेण्याचे जुळले, तेव्हा ग्रहांनी काही हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

मूल हे सारे पाहत वाढते. नको म्हटले तरी पानात पडते, हे ते पाचव्या वर्षी शिकते. पुढे सिनेमातली नायिका मध्यंतरापर्यंत नको म्हणते आणि मध्यंतरानंतर लाजते. पंधराव्या वर्षापर्यंत मुलाच्या मनात 'नको'चा अर्थ 'आणखी थोडा आग्रह कर' असा पक्का झालेला असतो. मुलीला तोवर आपल्या 'नको'ची किंमत कळून चुकलेली असते.

तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत नववीच्या वर्गावर आठवड्यातून एक तास 'जीवनकौशल्ये' शिकवण्याचे माझ्याकडे आले. गणिताचा आणि इंग्रजीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, मराठीचा आपोआप होतो, अशी शाळांतून समजूत असते. त्यामुळे असले तास मराठीच्या बाईंच्या वाट्याला येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली या कौशल्यांची यादी केली. ती दहा आहेत. स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणे, ताण सोसणे, परस्परसंबंध वगैरे. यादी चांगली आहे. फक्त ती फळ्यावर लिहिली की मुले पाठ करतात, आणि समानुभूती दोन गुणांना येते.

हाताशी एक छापील पुस्तिका होती. तीत मित्राने गुटखा पुढे केला तर काय करावे, याचा धडा होता. नजरेला नजर द्यावी, स्पष्ट बोलावे, कारणे देत बसू नये, तिथून निघून जावे. मुलांनी हे नाट्य फार उत्साहाने केले. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगीसुद्धा खणखणीत 'नको' म्हणाली. गुटख्याला नको म्हणणे त्या मानाने सोपे. गुटख्याला वाईट वाटत नाही.

मग मी बुटांच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. नाव लिहायचे नाही. मी चिठ्ठी कुणाची ते शोधणार नाही, पण कुणाला धोका आहे असे दिसले तर गप्पही बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकले. मराठीच्या बाई अक्षर ओळखतात हे मुलांना ठाऊक होते. त्यामुळे बऱ्याच चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहिलेल्या असत, आणि त्या लावता लावता माझे डोळे दुखत.

तरुणांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे देण्याची आपल्याकडे एक परंपरा आहे, आणि ती अडवण्याचीही आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरण येईपर्यंत ते एकहाती चालवले. वाचक विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या हायकोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी तो खटला ते हरले. पुढे २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्राने आणि आणखी काही राज्यांनी बंदी केली. तेव्हाचा 'नको' मात्र सर्वांना पहिल्या हाकेत ऐकू आला.

२०२० सालच्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. आठवडाभराने ती गेली. माझ्या पिढीच्या बायकांना लगेच १९९० सालचे उल्हासनगर आठवले. तिथे दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळून मारले होते. दोन्ही वेळा बातम्यांत एकच शब्द होता: एकतर्फी प्रेम. मला या शब्दाचा मनस्वी राग येतो. दरोडेखोराला कुणी एकतर्फी गिऱ्हाईक म्हणत नाही.

त्याच आठवड्यात पेटीत एक चिठ्ठी निघाली. 'बाई, मुलगी नाही म्हणाली तर मुलाने पुढे काय करायचे?' खाली रेघ ओढून आणखी दोन शब्द होते. 'म्हणाली आहे.'

मी पुस्तिका पुन्हा चाळली. नकार कसा द्यावा याच्या पायऱ्या होत्या. नकार कसा घ्यावा, याबद्दल एक ओळ नव्हती. वास्तविक अर्ध्या वर्गाला याचीच गरज होती.

पुढच्या तासाला खालचे दोन शब्द गाळून मी ती चिठ्ठी वाचून दाखवली. मागच्या बाकांवर खसखस पिकली आणि आपोआप विरली. नकार मिळाला की काय वाटते, असे मी विचारले. दुःख होते, असे कुणी म्हणेल ही माझी अपेक्षा. पण पहिला शब्द आला 'अपमान'. दुसरा 'पोरे चिडवतात'. म्हणजे मुलीने 'नको' म्हटले ते दोघांत, आणि अपमान झाला तो चौघांत. मग मी त्या चौघांकडे वळले. मित्र अशा वेळी काय म्हणतात? हे मुलांना तोंडपाठ होते. 'सोडू नकोस.' 'दाखव तिला.' 'मर्द असशील तर...' याहून निराळे काय म्हणता येईल, ते प्रत्येकाने लिहायचे. याला वीस मिनिटे लागली. निबंधाला कधी इतकी शांतता लाभली नव्हती.

'चल, खेळायला जाऊ.' 'तिचा नंबर काढून टाक.' 'तिच्या गल्लीने जाऊ नकोस, आपण दोघे तळ्याच्या रस्त्याने येऊ.' एकाने लिहिले होते, 'रड थोडा, मी कुणाला सांगत नाही.' हे वाचल्यावर कुणी हसले नाही. शेवटी मी एवढेच सांगितले की विचारणे हा गुन्हा नाही, पण उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारायचे नाही. आणि दुखणार, बरेच दिवस दुखणार, तेवढ्या काळात जेवत आणि झोपत राहायचे.

चार दिवसांनी एक पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. "बाई, तुम्ही वर्गात प्रेमाचे धडे देता म्हणे?"

"प्रेमाचे नाही हो," मी म्हटले, "ते न मिळण्याचे."

"ते तरी कशाला?" असे म्हणून ते उठून गेले. त्यांचे समाधान झाले नाही आणि मीही पुढचे तास बंद केले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एक मुलगी मैत्रिणीला घेऊन ग्रंथालयात आली. भावाचा मित्र रोज घरी येत होता. तिने एकदा नको म्हटले होते, तरी तो विचारायचे थांबत नव्हता. "घरी कळलं तर माझीच शाळा बंद होईल, बाई." यात अतिशयोक्ती काही नव्हती. आपल्याकडे मुलीच्या 'नको'चा दंड पुष्कळदा मुलीकडूनच वसूल होतो. म्हणून मुली बोलत नाहीत, आणि म्हणून आईबापांना सारे एकदम वर्तमानपत्रातून कळते. मी म्हटले, "सांगायला तर हवं. पण मी सांगते, आणि तुझ्यासमोर."

आई चुलीपुढून उठली नाही. सगळे ऐकून म्हणाली, "ह्यांना नका सांगू, बाई. मी पोराला सांगते." पोरगा एकोणीस वर्षांचा, तापट. मला रात्रभर मारामारीचीच भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, दादा ओट्यावरच उभा राहिला आणि मित्राला म्हणाला, "ती नको म्हणाली ना? मग घरी येऊ नकोस."

मार्चच्या मध्यात साथीमुळे शाळा बंद झाल्या. नववीची परीक्षा झालीच नाही. सारी मुले वर चढली. नोव्हेंबरच्या अखेरीस वर्ग पुन्हा भरले, एका बाकावर एक, तोंडाला फडके बांधून. ती मुलगी दुसऱ्या रांगेत होती. हजेरी घेताना दोन मुलींच्या नावांना कुणी 'हजर' म्हटले नाही. एकीच्या वडिलांचे काम सुटल्यामुळे ती घरच्यांबरोबर आजोळी गेली होती. दुसरीचे लग्न मे महिन्यात झाले होते, पंधरा माणसांत, फार कमी खर्चात. तिच्याबरोबरच्या मुलींना मी विचारले, ती काही म्हणाली होती का? एक म्हणाली, "नको म्हणत होती, बाई." पेटीतल्या जुन्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या रात्री साऱ्या काढून पाहिल्या. डाव्या हाताच्या त्या अक्षरांत तिचे कोणते, मला ओळखता आले नाही.