बिनखिडकीची खोली

आईला साठ पूर्ण होणार होती आणि तिला क्रूझवर पाठवायचं असं मी ठरवलं होतं. खरं म्हणजे हे बाबांचं खूळ. पेपरात क्रूझची जाहिरात आली की ते ती घडी घालून टीव्हीखालच्या खणात ठेवायचे आणि आई दर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत टाकायची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. खणात शेवटची ठेवलेली जाहिरात अजून तशीच आहे.

मी अकाउंट्समध्ये काम करतो. त्यामुळे प्रेम वगैरे व्यक्त करायचं झालं तरी आधी एक्सेल उघडतो.

जाहिरातीत लिहिलं होतं : मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, १९,९९९ रुपयांपासून. या वाक्यातला सगळ्यात महाग शब्द ‘पासून’. त्या भावात मिळते ती आतली खोली, म्हणजे जिला खिडकी नसते ती. मग त्यावर बंदराचे आकार, मग दर माणशी दर रात्रीची सेवकांची बक्षिसी (ती आधीच कापतात, मनात असो नसो), मग या सगळ्यावर जीएसटी. शेवटच्या पानावर आकडा आला माणशी २८,४०० रुपये. दोघींचे मिळून ५६,८००. दोघी म्हणजे आई आणि तिची भिशीतली मैत्रीण. मार्चमध्ये मला सुट्टी मागणं म्हणजे राजीनामा देण्यासारखंच असतं, म्हणून मी स्वतःला धरलंच नव्हतं.

मैत्रिणीचा गुडघा आयत्या वेळी दुखायला लागला. मी पैसे भरायच्या आधी परत जाऊन ‘प्रवासी २’चं ‘प्रवासी १’ केलं. वाटलं, चला, अर्धे वाचले. आकडा आला ५२,०००.

मला वाटलं, साइट गंडली. पान बंद करून परत उघडलं. तेच. मग बारीक अक्षरं वाचली. भाव माणशी लिहिलेला असला तरी विकतात ती खोली, आणि खोलीत दोन माणसं आहेत असं धरूनच तो भाव काढलेला असतो. एकटं माणूस गेलं तर दुसऱ्या रिकाम्या पलंगाचं भाडंही त्यालाच लागतं. सुटतात ते फक्त बंदराचे आकार, बक्षिसी आणि त्यावरचा कर. जगभर बहुतेक क्रूझवर थोड्याफार फरकानं हेच चालतं. उलट त्याच खोलीत तिसरं माणूस घातलं तर त्याला बऱ्याचदा स्वस्तात नेतात.

म्हणजे एका विधवा बाईनं एकटं जायचं तर ५२,०००, आणि तिच्यासोबत कुणी आलं तर वर फक्त ४,८००. हिशेब म्हणून यात चूक काहीच नाही, खोलीची किंमत खोलीएवढीच. तरी मी तो आकडा बघत बराच वेळ बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बॉसकडे गेलो. ४,८०० रुपयांत तीन रात्री जेवणासकट गोव्याला कोण नेतं, असं मी स्वतःला समजावलं.

ताईला सांगितलं तर ती उखडली. “सत्तावन्न हजार? अरे, मागच्या वर्षी तुम्ही दोघं देवबागला जाऊन आलात त्याला किती लागले?”

तोही हिशेब माझ्याकडे होता. दादर ते कुडाळ थर्ड एसीनं जाऊन-येऊन दोघांचे ४,४००. कुडाळहून रिक्षा दोन्ही वेळचे १,६००. होमस्टे तीन रात्रींचे ६,६००. जेवणखाण ३,९००, त्यात रोज दुपारी सुरमईची थाळी. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि बाकी फुटकळ १,५००. एकूण १८,०००. क्रूझची एक रात्र दोघांना जवळपास एकोणीस हजारांना पडत होती. एका रात्रीच्या पैशांत देवबागची अख्खी सहल, वर हजारभर रुपये खिशात.

“मग?” ताई म्हणाली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांच्या जाहिराती, एवढंच. ते फोनवर बोलता येईना.

अशी तुलना करताना दोन्हीकडचे आकडे एका मापाचे करून घ्यावे लागतात. क्रूझच्या भाड्यात प्रवास, खोली, तीन वेळचं जेवण आणि रात्रीचे कार्यक्रम धरलेले असतात. त्यामुळे ते देवबागच्या खोलीभाड्याशी ताडून उपयोग नाही, सगळ्या सहलीशी ताडायला हवं. पण भाड्यात काय नाही तेही बघावं लागतं. दारू नाही, वायफाय नाही, गोव्यात उतरल्यावरची सहल नाही. जहाज एकदा निघालं की रिकाम्या खोलीतून दमडी मिळत नाही. म्हणून खोल्या कशाही करून भरायच्या आणि माणूस आत आला की बार, कॅसिनो, मसाज, फोटो यांवर कमवायचं, असा हा धंदा. अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचलेत तर उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरच्या खर्चातून आलेला दिसतो. (हो, मी वाचले. सांगितलं ना, अकाउंट्स.) याचा दुसरा अर्थ असा की, जो चिकटपणे बसून राहील, काही विकत घेणार नाही, त्याचा खर्च थोडाफार बाकीचे लोक उचलतात. आम्ही तर चिकटपणात पिढीजात.

बॅलार्ड पिअरला टॅक्सीतून उतरल्यावर आईनं पहिल्यांदा विचारलं, “इथून भाऊचा धक्का कुठल्या बाजूला?”

आईचं माहेर वेंगुर्ल्याजवळ. कोकण रेल्वे व्हायच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, ती मे महिन्यात बोटीनं गावी जायची. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. डेकवर जागा धरायला तिची आजी पळत जाऊन चादर पसरायची, आणि मग रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत बोट पणजीकडे जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर पाण्यात थांबायची आणि होड्या यायच्या. वेंगुर्ल्याला होडीत उतरताना तिला कुणीतरी बखोटीला धरून वरून खाली द्यायचं, ते तिला अजून आठवतं. “कोकण शक्ती” हे बोटीचं नाव ती एखाद्या नातेवाइकाचं घ्यावं तसं घेते.

आमची खोली बघून ती एवढंच म्हणाली, “वारा कुठून येणार?”

पहिल्या रात्री तिनं साडेचारचा गजर लावला. बोट सकाळी मुरगावला पोचणार, म्हणजे पहाटे कधीतरी वेंगुर्ल्यावरून जाणार, हा हिशेब तिनंच केला होता. आम्ही स्वेटर घालून वरच्या डेकवर गेलो. रात्रीच्या पार्टीचे ग्लास गोळा करणारा एक मुलगा सोडला तर कुणी नव्हतं. मी फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. निळा ठिपका मालवणच्या खाली सरकत होता, पण किनाऱ्यापासून चांगलाच लांब. समोर काळोख. मासेमारीच्या बोटींचे दिवे होते, तेही विखुरलेले. आई कठड्याला धरून डावीकडे बघत राहिली. तासाभरानं मी म्हटलं, “आई, गेलं बहुतेक वेंगुर्ला.”

“लांबून नेतात वाटतं,” ती म्हणाली. “आमची बोट थांबायची.”

सत्तावन्न हजार खर्च करून तिच्या गावावरून गेलो आणि गाव दिसलं नाही. ज्याला जागा बघायची आहे त्याच्यासाठी क्रूझ हा वाईट सौदा आहे, हे मला त्या पहाटेच कळलं. गोव्यातही तेच. कंपनीची सहल माणशी २,५०० होती, ती घेतली नाही. पण मुरगाव बंदरातून पणजीला जाऊन वेळेत परत यायचं म्हणजे जीव टांगणीला. शेवटी टॅक्सीनं वास्कोत गेलो, मासळीची थाळी खाल्ली आणि परत आलो. भाडं आणि थाळ्या मिळून ११००. त्याच वेळी बोटीवर पैसे भरलेलं जेवण वाया जात होतं, याची खंत आईला थाळी संपेपर्यंत होती.

तिसरा दिवस पूर्ण समुद्रात. मी सव्वासातला उठलो आणि अंधारातच आवाज न करता नाश्त्याला गेलो. परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि आई झोपलेली होती.

एवढ्यात काय, असं वाटेल. माझ्या आठवणीत आई सहानंतर झोपलेली मी फक्त एकदा पाहिली आहे, तिला टायफॉइड झाला होता तेव्हा. मी घाबरून जवळ गेलो. श्वास चालू होता. खिडकी नसल्यामुळे खोलीत सकाळ झालेलीच नव्हती. तिला कळलंच नव्हतं.

तिथे पलंगाच्या कडेला बसून मला देवबाग आठवलं. तिथे ती रोज सहाला उठायची. होमस्टेच्या मागच्या बाजूला जाऊन घरमालकीणबाईंशी गप्पा मारत खोबरं खवून द्यायची, त्यांनी नको म्हटलं तरी. मग माझ्यासाठी चहा घेऊन यायची आणि उशाशी ठेवायची. माझे वाळूचे कपडे पिळून दोरीवर टाकायची. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातूनच म्हणालो होतो, “आई, आज आलं घालायला सांग ना.” १८,००० रुपयांच्या त्या हिशेबात तीन दिवसांचं हे काम मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं. इथे तिला स्वयंपाकघरात कुणी शिरू देत नव्हतं. मला चहा हवा असेल तर मलाच दोन मजले चढून जावं लागत होतं, आणि मी जात होतो.

म्हणजे वरचे अडतीसेक हजार मी कशाचे भरले? मला आयता चहा मिळू नये याचे. हे घरी फुकट जमलं असतं.

ती उठली तेव्हा नऊ वाजून गेले होते. खोली आवरायला येणारा मुलगा दारात आला. आदल्या दिवशीच तिनं त्याला गाठलं होतं, “खंयचो रे तू?” म्हणून. तो फोंडाघाटचा निघाला. आज तिनं विचारलं, “घराक कधी जातलंस?”

“मे महिन्यात काँट्रॅक्ट संपता, मावशी.”

मग तिनं त्याला बक्षिसीचं विचारलं. आमच्याकडून कापलेले पैसे तुला मिळतात का? तो हसला आणि चादर बदलायला लागला. त्यानंतर तिनं पर्समधून पाचशेची नोट काढून त्याच्या ट्रॉलीवर ठेवली. एक्सेलमध्ये मी ती ‘इतर’खाली टाकली.

घरी आल्यावर ताईचा फोन आला. आईनं तिला जेवणाचे चौदा प्रकार सांगितले, लिफ्ट सांगितली, वेंगुर्ला दिसलं नाही हे सांगितलं. “परत जाशील?” ताईनं विचारलं.

“छे गं. एवढ्या पैशांत काय काय होईल.” मग थोडं थांबून म्हणाली, “मे महिन्यात वेंगुर्ल्यालाच जाऊ. आगगाडीनं. फक्त खोली काळोखी बघायला सांग त्याला.”

मी दोन-तीन ठिकाणी फोन केले. सगळे म्हणतात, सी व्ह्यू आहे, मोठी खिडकी आहे, सकाळचं ऊन थेट आत येतं. पडदे जाड आहेत का विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो.