सातवी आवृत्ती

संगणकावर छायाचित्रे दुरुस्त करण्याचे फोटोशॉप नावाचे जे साधन आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे, त्याची सातवी आवृत्ती २००२ साली निघाली. त्यानंतर त्याच्या कितीतरी आवृत्त्या आल्या. आमच्या मेजावर मात्र अद्यापि सातवीच नांदत आहे. घरातील तरुण मंडळी यावरून आमची यथेच्छ थट्टा करतात. गुरुजींना जुने ते सर्वच सोने वाटते, असा त्यांचा एकंदर अभिप्राय. वस्तुतः एखादी गोष्ट केवळ जुनी म्हणून चांगली ठरत नाही, हे कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेतच बजावून ठेवले आहे, आणि तेच मुलांना शिकविण्यात आमची हयात गेली. तेव्हा आमच्या या आवडीस काही कारण असावे, एवढा विश्वास वाचकांनी आम्हांवर ठेवावा.

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथील छायाचित्रकारांच्या दुकानांतूनही ही आवृत्ती आजवर दृष्टीस पडते. त्यांची कारणे व्यवहाराची आहेत. ती जुन्या संगणकावर सुखाने चालते, आणि एका कागदावर आठ पासपोर्ट फोटो मांडून देण्यास याहून अधिक शहाणपणाची गरज लागत नाही. शिवाय लग्नपत्रिका व फलक यांसाठी श्रीलिपी, आकृती इत्यादी फॉण्ट त्यांच्या बोटांत बसलेले आहेत. या जुन्या फॉण्टांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत भाडेकरूसारखी राहत. ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावयाची, व्यंजन मागाहून. अर्धा वर्ण स्वतः हुडकून लावावयाचा. फॉण्ट नसलेल्या संगणकावर तीच पत्रिका उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसत्या रोमन चिन्हांचा बुजबुजाट दिसे. नव्या आवृत्त्यांना युनिकोडमधील मराठी नीट कळते, जोडाक्षरे आपोआप जुळतात. या बाबतीत नव्यांचे श्रेष्ठत्व आम्ही निःसंकोच मान्य करतो.

भाड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सातवी आवृत्ती पेटीतून येई; क्रमांक घातला की ती आपली. २००३ साली पुढची आवृत्ती आली, तिला विंडोजवर चालू होण्यासाठी कंपनीची अनुज्ञा घ्यावी लागू लागली. आणि २०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीने जाहीर केले की यापुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापराव्या लागतील. वर्गणी थांबली की साधन थांबले. आम्हां पेन्शनरांना हे रुचण्यासारखे नाही, परंतु ज्याची वस्तू त्याने ती कशी द्यावी हा त्याचा अधिकार आहे. पुष्कळ दुकानांतील सातवी आवृत्ती कधीच विकत घेतलेली नव्हती, हेही सर्वश्रुत आहे. त्या चोरीचे समर्थन आमच्या लेखणीतून होणार नाही. आमच्याकडील प्रत आमच्या भाच्याने पुण्यास नोकरीत असताना रीतसर घेतली आणि पुढे पेटीसकट आम्हांस दिली.

परंतु आमच्या आवडीचे खरे कारण यांपैकी कोणतेच नव्हे.

निवृत्तीनंतर आम्ही कुळातील जुनी छायाचित्रे गोळा करून त्यांची डागडुजी करण्याचे काम हाती घेतले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचा घाटत आहे, त्यासाठी. विदर्भातला उन्हाळा, माळ्यावरच्या ट्रंका आणि कसर या तिघांनी मिळून या चित्रांची जी दशा केली आहे ती वर्णनापलीकडची आहे. काही पिवळी पडली आहेत, काहींच्या कडांना निळसर रुपेरी झाक आली आहे, काही चौकटीच्या काचेला चिकटून निम्मी फाटली आहेत. सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश नावाचे एक उपकरण प्रथमच आले. त्याची रीत मोठी सुबोध आहे. डागाशेजारची चांगली जागा कळ दाबून दाखवावी आणि मग डागावर कुंचला फिरवावा. म्हणजे चांगल्या जागेचा पोत डागावर येतो, आणि उजेड-सावली मात्र त्या ठिकाणची राहते. गालावरचा डाग गालाच्याच कातडीने भरतो, पैठणीचा पदर पदरानेच सांधला जातो. गडद कडेजवळ मात्र हा कुंचला घोटाळा करतो, काळिमा ओढून आणतो. तेथे आधी निवडीची रेघ आखून घ्यावी लागते. पिवळ्या डागांसाठी आणखी एक युक्ती आहे. रंगीत स्कॅन करून तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही थर वेगवेगळे पाहावेत. निळ्यात डाग सर्वांत काळा दिसतो, तांबड्यात तो पुष्कळदा नाहीसाच होतो. तो तांबडा थर तेवढा घेतला की निम्मे काम झाले. मूळ चित्र आम्ही तळाशी जसेच्या तसे ठेवतो, दुरुस्ती वरच्या प्रतीवर करतो, आणि मधूनमधून वरची प्रत झाकून दोन्ही ताडून पाहतो. चुकले तर साधन वीस पावले मागे नेते. एकविसावे नेत नाही. म्हणून सावकाश चालावे.

येथे मुद्द्याची गोष्ट अशी की, या आवृत्तीस स्वतःचे असे काहीच ठाऊक नाही. चित्रात जे आहे तेच ती इकडचे तिकडे करू शकते. २०१० साली आजूबाजूचे घेऊन मोकळी जागा आपोआप भरण्याची सोय आली, तीही बहुतांशी याच जातीची होती. परंतु २०२० नंतर आलेली साधने, आणि विशेषेकरून २०२३ साली आलेले जनरेटिव्ह फिल, यांची जात निराळी आहे. जगातील असंख्य चित्रे पाहून शिकलेले ते यंत्र, फाटलेल्या ठिकाणी बहुधा काय असावे ते ठरविते आणि सरळ काढून मोकळे होते. ते इतके बेमालूम असते की जोड दिसत नाही.

याचा जो अनुभव आम्हांस आला तो सांगणे अवश्य आहे. आमच्या चुलत पणजींचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे. ते १९२६ च्या सुमारास अकोल्यास काढलेले. वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यातच मोडत असे. पणजी चौदाव्या वर्षी विधवा झाल्या. चित्रात त्या आलवण नेसून पाटावर बसल्या आहेत. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हात मांडीवर, मनगटे मोकळी. कसरीने नेमका कपाळाचा व डाव्या कानाकडचा भाग खाल्ला होता. घरातील मंडळींनी हौसेने ते चित्र एका दुकानात दिले. दुसऱ्या दिवशी ते सुंदर होऊन परत आले. खाल्लेल्या जागी मधोमध भांग पाडलेले काळेभोर केस आले होते आणि कपाळी वाटोळे ठसठशीत कुंकू!

घरात कोणाच्या ते ध्यानात आले नाही. सर्वांना चित्र फार आवडले, आमची नातसून म्हणाली, “आजोबा, पणजी किती छान दिसतात हो!” आम्ही तिला फक्त हात पाहावयास सांगितले. ती बराच वेळ पाहत राहिली. ज्या बाईंचे केशवपन झाले होते, ज्यांनी पुढील सारा जन्म सोवळ्यात, एकभुक्त राहून, दुसऱ्यांची बाळंतपणे करण्यात काढला, त्यांना यंत्राने सवाष्ण केले होते. हाती बांगडी नसलेली सवाष्ण. यंत्राचा यात दुष्ट हेतू नाही, दुकानदाराचाही नाही. त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग असते. यंत्राने जी हजारो चित्रे पाहिली त्यांत साडी नेसलेल्या स्त्रीच्या कपाळी कुंकू असते, आणि म्हणून आमच्या पणजींच्या कपाळीही ते असलेच पाहिजे, एवढाच त्याचा न्याय. सामान्यावरून विशेष ठरविले, आणि विशेष तेवढे नाहीसे झाले.

यावर असे म्हणता येईल की, पूर्वीचे छायाचित्रकारही काही सत्याचे पुतळे नव्हते. काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने देवीचे व्रण बुजवीत, सुरकुत्या घालवीत, हाताने गाल रंगवीत. हे सर्व खरे आहे. परंतु तो मनुष्य त्या व्यक्तीसमोर उभा राहिलेला असे. त्याने खोटे केले तरी ते त्या एका चेहऱ्याविषयी केलेले असे, आणि त्याची पेन्सिल थोडी निरखून पाहिली तर ओळखू येई. दुसरा आक्षेप असा की नव्या आवृत्तीतही जुना कुंचला आहेच. नवे बटन दाबू नये म्हणजे झाले. आम्ही भाच्याकडे ते करून पाहिले. चित्रातील भाग निवडला रे निवडला की त्याखाली लगेच पट्टी येऊन उभी राहते आणि भरून देऊ का म्हणून विचारते. संध्याकाळी डोळे थकलेले असताना तिला दर वेळी नाही म्हणण्याइतका आमचा निग्रह दांडगा नाही.

ज्यांनी संस्कृत ग्रंथांची संपादने पाहिली आहेत त्यांना आमचे म्हणणे लवकर पटेल. आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली येथेच उजेडात आला. वासुदेव विष्णु मिराशी यांचा वाकाटकांच्या कोरीव लेखांचा ग्रंथ १९६३ साली निघाला, त्यात लेखांची वाचने पाहावीत. कोरक्याने जे अक्षर चुकविले ते संहितेत चुकलेलेच छापले आहे. शुद्ध पाठ काय असावा ते तळटीपेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, तीत ज्या शब्दाविषयी संपादकांस खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. हे पंडित काही श्लोक रचावयास असमर्थ नव्हते. पण त्रुटित जागी आपला श्लोक घालून तो व्यासांच्या नावावर खपविण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. छायाचित्रात नागमोडी रेघ कशी ओढावी हे आम्हांस अजून सुचलेले नाही. म्हणून पणजींचे डाग, चिरा, पिवळेपणा तेवढा आम्ही काढला, आणि कपाळाचा खाल्लेला भाग फिक्या करड्या रंगाने सपाट भरून ठेवला.

कुलवृत्तांताच्या मंडळीत यावरून दोन तट पडले आहेत. रिकामे कपाळ पुस्तकात बरे दिसणार नाही, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्या एका वृद्ध वहिनींचे म्हणणे असे की इतक्या वर्षांनी का होईना, कुंकू लागले तर लागू द्या की! या दुसऱ्या म्हणण्यापुढे आमचा सारा पाठचिकित्सेचा अभिनिवेश क्षणभर गळाला, हे कबूल करतो. परंतु त्याच पानावर त्यांच्या यजमानांच्या निधनाचे साल १८९६ असे छापावयाचे आहे. निर्णय व्हावयाचा आहे. कुंकवाचे चित्र मात्र तोवर कुळातील सर्वांच्या मोबाइलवर पोहोचले असून एका घरी त्याला हारही घालून झाला.

ज्यांच्या घरी अशी चित्रे असतील त्यांनी दुकानात देण्यापूर्वी त्यांचे ६०० बिंदूंचे रंगीत स्कॅन करून ते वेगळे ठेवावे. चित्र काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीतच. आणि चित्राच्या पाठीमागे नाव, गाव व अंदाजे साल लिहावे. ते मऊ शिसपेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने लिहू नये. त्याची रेघ पुढच्या बाजूस चेहऱ्यावर उमटते.