येरवड्याची कानपट्टी

महाराष्ट्रात येरवड्याचे नाव निघाले की लोकांना दोन गोष्टी आठवतात, तुरुंग आणि मनोरुग्णालय. कोणी जरा विचित्र वागले की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे म्हणून हसतात. आमच्या शाळेत येरवड्याहून येणाऱ्या मुलींना हा विनोद दरवर्षी नव्याने ऐकावा लागतो. त्यांतल्या काही जणी पत्ता विचारला तर नुसते ‘नगर रोड’ म्हणतात आणि विषय बदलतात.

गेल्या डिसेंबरात सकाळच्या सत्रातल्या लहान मुलांसाठी आम्हाला चोवीस कानपट्ट्या हव्या होत्या. कानपट्टी म्हणजे कानांवरून डोक्याभोवती बसणारी लोकरीची रुंद पट्टी. (शिक्षकांच्या तोंडी या शब्दाचा दुसराही अर्थ असतो, पण तो जमाना गेला.) येरवड्यात एक खाला मशीनवर विणून देतात, असे एका पालकाने सांगितले आणि रविवारी आम्ही तिघी शिक्षिका निघालो.

पुलापलीकडे

कॅम्पातून येरवडा दूर नाही. बंडगार्डनचा पूल ओलांडून मुळा-मुठा मागे टाकली की पोहोचलोच. ऑगस्ट 2024 पासून येथे मेट्रोचे स्थानकही सुरू झाले आहे. टेकडीवर ठाकरसी कुटुंबाची पर्णकुटी आहे. मे 1933 मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास तुरुंगात सुरू केला, त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि बाकीचा उपवास त्यांनी या घरात पुरा केला. आळंदी रस्त्याकडे वळले तर सादलबाबांचा दर्गा आणि डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत लागते. या वस्तीला मोठा इतिहास आहे, पण रिक्षावाल्याला खूण सांगायची तर तुरुंगाचीच सांगावी लागते.

तुरुंगाच्या भिंतीजवळून जाताना आमच्यातल्या इतिहासाच्या बाईंनी पुणे कराराची आठवण काढली. 24 सप्टेंबर 1932 रोजी तो याच तुरुंगात झाला. आम्हाला मात्र त्या दिवशी दुसरीच गोष्ट जास्त जवळची वाटली. पेटीत घडी करून हातात नेता येणारा चरखा आपण पाहतो, त्याचे नावच ‘येरवडा चरखा’ आहे. गांधीजी येथे कैदेत असताना तो आकाराला आला. त्याआधी, 1929 मध्ये, खेड्यातल्या झोपडीत चालेल असा सुधारलेला चरखा बनवणाऱ्यास अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! गांधीजी यंत्राचे सरसकट शत्रू होते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात शिवणयंत्राला त्यांनी 1924 मध्येच अपवाद ठरवले होते. श्रम आणि वेळ वाचावा, पण मूठभरांचा वाचू नये, सगळ्यांचा वाचावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा पुढे खालांच्या घरी पुन्हा समोर आला, म्हणून येथे नोंदवला.

दोनशे सुयांचे टेबल

नागपूर चाळीच्या बाजूला एका अरुंद गल्लीत खालांची खोली आहे. वय साठीच्या पुढचे. दारात चपलांची रांग, आत एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला टेबल आणि टेबलाला स्क्रूने पक्के बसवलेले विणकामाचे मशीन. सुमारे साडेतीन फूट लांब. त्यात ओळीने दोनशे सुया, दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटरचे अंतर. वीज लागत नाही. वर एक सरकता भाग असतो, त्याला कॅरेज म्हणतात. तो हाताने डावीकडून उजवीकडे सरकवला की एक ओळ तयार, उजवीकडून डावीकडे आणला की दुसरी.

आम्ही वाकून पाहिले. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडी असते आणि आकडीवर मिटणारी इवलीशी झडप. कॅरेज आला की सुई पुढे येते, जुना टाका झडपेच्या मागे जातो, नवा धागा आकडीत पडतो. सुई मागे जाताना झडप मिटते आणि जुना टाका नव्या धाग्यावरून सुटून खाली येतो. हातात दोन सुया घेऊन आपली अम्मी जे करायची, तेच काम येथे दोनशे बोटे करतात. विणकामाचे पहिले यंत्र विल्यम ली या इंग्लिश पाद्र्याने 1589 मध्ये बनवले. हाताने मोजे विणणाऱ्या गरिबांची रोजी जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला परवाना दिला नाही, असे सांगतात. झडपेची सुई त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी आली.

‘पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीला मी स्वेटर देत नाही,’ खाला म्हणाल्या. ‘बाही येईपर्यंत ती कंटाळते. कानपट्टी द्यायची. बसल्या बैठकीत पुरी होते, डोक्याला लावून आरशात बघते. मग उद्या परत येते.’

शिकवण्याच्या पेशातल्या आम्हा तिघींना बी.एड.च्या वर्गात हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

पट्टीचे गणित

खालांचे माप ठरलेले आहे. आधी एक लहान तुकडा विणून मोजतात. त्यांच्या लोकरीला दहा सेंटिमीटरमध्ये अठ्ठावीस टाके आणि चाळीस ओळी बसतात. पट्टी दुहेरी करायची, म्हणून रुंदी वीस सेंटिमीटर, म्हणजे छप्पन टाके. लांबी डोक्याच्या घेरापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर कमी, म्हणजे ताणून नीट बसते. बावन्न सेंटिमीटर घेराच्या डोक्याला सेहेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी ओळी. आमच्या गणिताच्या बाई खूश झाल्या. त्रैराशिकाचा धडा फळ्यावर लिहिण्यापेक्षा असा दाखवावा, असे त्यांचे मत पडले.

सुरुवात टाकाऊ लोकरीने. वेगळ्या रंगाच्या धाग्याने सात-आठ ओळी विणून त्यांना खाली वजने अडकवली, म्हणजे विणलेला कपडा ताठ राहतो आणि टाके सुयांवर उड्या मारत नाहीत. मग खरा धागा लावला, ओळी मोजणारा काटा शून्यावर आणला आणि कॅरेज चालू झाला. खर्र-खर्र असा एकसारखा आवाज. आम्ही घड्याळ लावले होते. एकशे चौऱ्याऐंशी ओळी सात मिनिटांत झाल्या. छप्पन गुणिले एकशे चौऱ्याऐंशी म्हणजे दहा हजार तीनशे चार टाके. हाताने मिनिटाला तीस टाके धरले तर पावणेसहा तास लागले असते.

घाई तेवढ्यापुरतीच. त्यानंतर पहिल्या ओळीचे टाके टोकदार साधनाने एकेक उचलून त्याच सुयांवर चढवले, दोन्ही टोकांचे टाके एकत्र बंद केले आणि टाकाऊ लोकर ओढून काढली. आता पट्टीचे कडे झाले. सुलट विणीच्या कडा आपोआप मागच्या बाजूला वळतात, ही एरवी डोकेदुखी असते. खालांनी त्याच वळणाचा फायदा घेतला. दोन्ही कडा मागे मध्यावर आणून जाड सुईने शिवल्या. दहा सेंटिमीटर रुंदीची, दुहेरी, कानांवर उबदार पट्टी तयार झाली. एकूण पंचवीस मिनिटे, लोकर जेमतेम तीस ग्रॅम. ओढणीखाली घातली तर ओढणी सरकतही नाही, हे आमच्या लगेच लक्षात आले आणि चोवीसचा आकडा सत्तावीस झाला.

‘काम जल्दी का है, जल्दबाजी का नहीं,’ टाके चढवताना खाला पुटपुटल्या. एक टाका सुटला तर खालपर्यंत शिडी पडते.

वाचलेला वेळ कोणाचा?

खाला पूर्वी एका ठेकेदाराला माल द्यायच्या. नगाला ठरलेला दर होता. एक दिवस ठेकेदार घरी आला, त्याने त्यांना विणताना पाहिले आणि म्हणाला, ‘अर्ध्या तासात होते? मग एवढे पैसे कशाचे?’ पुढच्या आठवड्यापासून दर कमी झाला. मशीन खालांचे, सुया त्यांच्या, मोडलेल्या सुईचा खर्च त्यांचा, मान आणि खांदे त्यांचेच दुखतात. मशीनमुळे वाचलेला वेळ मात्र ठेकेदाराने आपल्या खिशात घातला.

दोन महिने त्यांनी तसेच रेटले. मग नातीने वहीत हिशेब मांडला. लोकर, सुया आणि तास लिहिले आणि हाती काय उरते ते दाखवले. खालांनी ठेकेदाराला नाही म्हटले. घरात नाराजी झाली, कारण बांधलेले गिऱ्हाईक सोडणे हा जुगार होता. मुलाने मशीन भंगारात देऊन जागा मोकळी करावी असेही सुचवले. तो हिवाळा कठीण गेला. आता त्या शेजारपाजारी, शाळांना आणि पहाटे दुचाकीवर कामाला जाणाऱ्या बायकांना थेट विकतात. नात बारावीला आहे. तिची फी या टेबलावरून जाते, असे सांगताना त्यांनी आवाज थोडाही चढवला नाही.

चहा घेताना उर्दूच्या शिक्षिकेला राहवले नाही म्हणून आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली. ‘मोजा’ हा आपला शब्द फारसीतून मराठीत आला. स्पेनमध्ये बुर्गोस येथील मठात 1275 मध्ये वारलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत विणलेली उशी सापडली, तिच्यावर अरबी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द विणलेला आहे. राजपुत्र ख्रिस्ती होता, पण ती विणणारे हात मुस्लिम कारागिरांचे असावेत असे जाणकार मानतात. त्यांची नावे कुणालाच माहीत नाहीत. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारले, ‘इतक्या बारीक विणीत अक्षरे बसवली? टाके मोजून?’ नावांपेक्षा त्यांना टाक्यांची चौकशी जास्त.

परतताना नगर रोडवरच्या आगाखान पॅलेसमध्ये थांबलो. सुलतान मोहम्मद शाह आगाखान यांनी 1892 मध्ये तो बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात. गांधीजी येथे ऑगस्ट 1942 ते मे 1944 स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबा येथेच गेले, त्यांच्या समाधी बागेत आहेत. 1969 मध्ये आगाखान घराण्याने ही वास्तू देशाला दिली. राजवाडा असो, तुरुंगातला चरखा असो की गल्लीतले टेबल, येरवड्यात रिकाम्या हाताला काम देण्याचीच गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा भेटली. आमच्या विद्यार्थिनींनी पत्ता सांगताना हे सांगावे.

वाचक भगिनींनो, सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेले असे मशीन आपल्यापैकी कोणाच्या पलंगाखाली कापडात गुंडाळलेले असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी उघडून पाहा. सुयांच्या झडपा मोकळ्या उघडतात का ते बोटाने तपासा, गंजलेल्या सुया बदला, हलके मशीन ऑइल द्या. पहिले काम कानपट्टीच घ्या. आणि विकायला काढली तर दर ठरवण्याआधी वहीत तास लिहायला विसरू नका. आमच्या सत्तावीस पट्ट्यांचा जो भाव खालांनी सांगितला, तो आम्ही घासाघीस न करता दिला.