पहिला काप नवऱ्याचा

अख्खा भोपळा बाईमाणसानं चिरू नये, असं आमच्या सासूबाईंचं म्हणणं. पहिली सुरी पुरुषानं घालायची, पुढचं बाईनं बघायचं. इलिनॉयमधल्या पिओरियात आम्ही हॅलोविनसाठी पहिला भोपळा आणला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनी हे बजावलं. मला असले नियम पटत नाहीत. पण त्या निमित्तानं नवऱ्याला घरात एक कायमचं काम मिळालं, म्हणून चालवून घेते. (तसा त्यांचा लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच!)

देठाभोवतीचं झाकण तो कापतो, सुरी तिरकी धरून. सरळ कापलं तर झाकण आत पडतं. मग भोपळा माझ्याकडे. दोरे, बिया हातानं ओढून काढायच्या आणि जिथं चेहरा करायचा तिथला गर खरवडून भिंत इंचभर ठेवायची. जाड राहिली तर छोटी करवत अडकते, उजेडही कोंडतो. नवऱ्याला एवढा दम कुठला? त्याला लगेच दात कोरायचे असतात. त्याचे डोळे त्रिकोणी, माझे टपोरे. वाद मिटेना, तेव्हा रस्त्याच्या बाजूला माझा चेहरा आणि मागे त्याचा, अशी वाटणी झाली. आत दिवा लावला की त्याचा राक्षस भिंतीवर उमटतो आणि खरं सांगायचं तर जास्त घाबरवतो.

आयरिश लोक पूर्वी सलगम कोरायचे. इथं आल्यावर त्यांना भोपळा सापडला. सलगम खरवडायचा म्हणजे मनगटं गेलीच असती.

शेजारच्या मॉर्टन गावात भोपळा डबाबंद करण्याचा मोठा कारखाना आहे, पण तो भोपळा लांबट आणि फिकट. कोरायचा हाउडेन जातीचा. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडेन या शेतकऱ्यानं तयार केलेला. रंग झकास, देठ दणकट, गर मात्र पाणचट. घारग्यांसाठी मी छोटा, गोड भोपळा वेगळा आणते. बिया तेवढ्या तिखट-मीठ लावून भाजते.

२०२४ मध्ये इथलं लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आलं. वर आकाशकंदील, पायरीवर पणत्या आणि त्यांच्यामध्ये दात विचकणारा भोपळा. मुलांना पाकीटबंद चॉकलेटं दिली, त्यांच्या आईबापांना चकल्या.

आठवड्याभरात खारी आल्या. त्यांनी आधी माझा चेहरा कुरतडला. भिंत फार पातळ केलीस, असं नवरा अजून ऐकवतो.