बोट लागली!

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद कुठे आणि कसं लागेल याचा नेम नाही. माणसाला भूक लागते, ठेच लागते, शेजाऱ्याला लॉटरी लागते. बोटसुद्धा लागते, आणि तीही दोन तऱ्हांनी. धक्क्याला लागली की लोक सामान उचलतात आणि पोटाला लागली की कठड्याकडे धावतात. आमच्या घराण्याला बोट पिढ्यान्‌पिढ्या या दोन्ही अर्थांनी लागत आलेली आहे. म्हणूनच २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत “आपण सगळे क्रूझला जाऊ” असं चिरंजिवांनी जाहीर केलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “गोळ्या कुणी आणायच्या?”

“बाबा, ही तुमची ती बोट नव्हे. ही क्रूझ आहे.”

चौकशीअंती मला समजलं ते असं, की जिला कुठे पोचायची घाई नसते अशा बोटीला क्रूझ म्हणतात. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. संध्याकाळी पुन्हा बोटीत बसायचं की तिसऱ्या दिवशी मुंबई. म्हणजे दोन रात्री आणि एक गोवा. विमानाने तास-सव्वा तासात होणाऱ्या प्रवासाला सोळा तास लावायचे आणि उशीर झाला म्हणून जास्त पैसे द्यायचे, असा एकूण व्यवहार होता.

‘तुमची ती बोट’ म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट. माझ्या लहानपणी मे महिना उजाडला की आमची वरात भाऊच्या धक्क्यावर जायची. फाटक उघडलं की आमचे काका काखेत वळकटी मारून असे धावत सुटत, की ऑफिसातल्या कुणी पाहिलं असतं तर त्यांची दम्याची रजा रद्द झाली असती. डेकवर जिथे वळकटी पसरली तेवढी आपली जहागीर. तिच्या सीमेवर पुढचे चोवीस तास लढाया. मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं आरतीसारखी एकामागून एक यायची. बोट दूर समुद्रात उभी राहायची. खालून पडाव यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, “टाक पाय!” त्या क्षणी पाय टाकला तर पडावात, पुढच्या क्षणी टाकला तर अरबी समुद्रात. ऐंशीचं दशक संपता संपता या बोटी बंद झाल्या. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे सगळी सुरू झाली आणि वळकटी पसरण्याची विद्या आमच्या घराण्यातून कायमची गेली.

क्रूझचा बेत आखायला घरात तीन बैठका झाल्या. पहिली खोलीसंबंधी. खोल्या चार प्रकारच्या: आतली, खिडकीवाली, गॅलरीवाली आणि श्रीमंतांची.

“आतली म्हणजे?”

“जिला खिडकी नसते ती.”

“म्हणजे समुद्र दिसणार नाही?”

“समुद्र डेकवरून बघायचा, बाबा. खोलीत फक्त झोपायचं.”

गॅलरीवाल्या खोलीचा दर ऐकल्यावर मलाही ते पटलं. तेवढ्या पैशांत एके काळी गिरगावात गॅलरीसकट खोली मिळाली असती, आणि ती हललीही नसती.

दुसरी बैठक खाण्यासंबंधी. बोटीवर दिवसभर जेवण मिळतं, त्याचे पैसे तिकिटातच धरलेत, आणि बाहेरचे पदार्थ नेऊ देत नाहीत, असं सूनबाईने तीनदा सांगितलं. आमच्या हिने तिन्ही वेळा मान डोलावली आणि बॅगेच्या तळाशी साड्यांच्या घडीत फराळाचे दोन डबे घातले. “असेल त्यांचं जेवण. आपलं आपल्याजवळ असावं.”

तिसरी बैठक आईसंबंधी. आई पंचाऐंशीची. ती म्हणाली, “मी नाही यायची. मला बोट लागते.” विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना ती दाराशी येऊन उभी राहिली.

“काय रे बाळू, ती बोट देवगडवरून जाते का?”

“समोरून जाईल. पण लांबून, रात्रीची. थांबायची नाही.”

“थांबायला कोण सांगतंय तिला?” आई म्हणाली. “माझं तिकीट काढ.”

देवगड हे आईचं माहेर. आता तिथे आमचं कुणी नाही. घर होतं, तेही पडलं.

निघायच्या दिवशी टॅक्सी बॅलार्ड पिअरकडे वळली तशी आई अस्वस्थ झाली. “अरे, भाऊचा धक्का तिकडे राहिला!” बोट भाऊच्या धक्क्याशिवाय दुसरीकडून सुटू शकते हे तिला शेवटपर्यंत पटलेलं नाही. आत विमानतळासारखी तपासणी होती. आईच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. तिच्या पिढीतले निम्मे लोक कागदोपत्री एक जानेवारीलाच जन्मले आहेत, त्यामुळे तपासनिसालाही त्याचं काही वाटलं नाही. बॅग मात्र यंत्रात अडकली. चकल्या यंत्राच्या पडद्यावर कशा दिसतात कोण जाणे, पण तीन माणसं पडद्याभोवती गोळा झाली. डबे जप्त झाले. “परत येताना घेऊन जा,” असं त्यांनी सांगितल्यावर हिने त्यांच्यासमोर चकल्या मोजल्या. मग आईच्या बटव्यातून निघालं एक लिंबू.

“पणजी, लिंबू कशाला?” आमच्या आठ वर्षांच्या नातीने विचारलं.

“बोट लागली तर.”

लिंबाच्या बाबतीत नियम काय आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते परत बटव्यात ठेवलं. आत चालता चालता आईने नातीला लिंबाची गोष्ट सांगितली. मी चौसष्ट वर्षं तिचा मुलगा आहे, पण ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकली.

१९५८ साली लग्न होऊन आई देवगडहून मुंबईला निघाली. वय एकोणीस. तोवर नवऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. चार लोकांत बोलायचं कसं? बोट सुटली, अंधार पडला आणि आईला बोट लागली. सासूबाई झोपलेल्या. शेवटी तात्या उठून जवळ आले, खिशातून लिंबू काढलं आणि म्हणाले, “लिंबू देऊ?”

“आमच्या संसारातला हा पहिला शब्द,” आई म्हणाली.

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? तोंड उघडायची सोय होती का मला?”

बोटीवर चढताच सगळ्यांना एका जागी जमवून बुडायची तालीम झाली. भोंगा वाजला की कुठे जमायचं, जाकीट कसं घालायचं, त्याची शिट्टी कशी फुंकायची. आजूबाजूला हशा चालला होता, जाकिटात फोटो काढणं चाललं होतं. मीही “शुभ बोल नाऱ्या” म्हणून विनोद केला. आई हसली नाही. तिने त्या पोराला जाकिटाचा पट्टा पुन्हा एकदा बांधून दाखवायला लावला. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा आई आठ वर्षांची होती. कोकणातल्या तिच्या वयाच्या माणसांसमोर बोट बुडण्यावर विनोद करू नये, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

खोली छान होती. भिंतीला सुरेख पडदा होता. आईने तो बाजूला केला तर मागे भिंतच. “खिडकी नाही तर पडदा कुणापासून?” या तिच्या प्रश्नाला बोटीवरच्या कुणाकडेही उत्तर नव्हतं. खाली दोन पलंग, आणि वर भिंतीतून निघणारी एक फळी. फळीवर कोण झोपणार हा प्रश्न आमच्या घरात मतदानाने सुटतो, आणि मी नेहमी हरतो.

बोट सुटली तेव्हा आम्ही डेकवर होतो. मुंबईचे दिवे हळूहळू बारीक होत गेले. मग जेवण. आमच्या हिने “पैसे भरलेत” हे एकच सूत्र धरून सात प्रकारच्या मिठाया पानात घेतल्या आणि खाताना म्हणाली, “आपला लाडू असता तर!” रस्ता शोधण्याचं काम नातीकडे होतं. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. मी लिफ्टने चारदा वरखाली केलं आणि एकदा परक्याच्या दाराला दहा मिनिटं आमचं कार्ड लावत होतो. आतल्या गृहस्थांनी दार उघडून “कितवा मजला?” असं इतक्या सौजन्याने विचारलं, की मी त्यांच्याकडे आलेला तिसरा तरी असणार.

पण खरी गंमत पुढे झाली. बोट किनाऱ्यापासून लांब गेली आणि एकेकाचा मोबाईल मुका झाला. इंटरनेटचे पैसे वेगळे होते आणि ते भरायचे नाहीत असं तिसऱ्या बैठकीत ठरलं होतं. चिरंजिवांनी फोन खिडकीपाशी धरला, डोक्यावर धरला, मग खिशात ठेवला आणि इकडेतिकडे पाहू लागले. तेव्हा बहुधा त्यांना आम्ही दिसलो. सूनबाईने कुठून तरी पत्ते पैदा केले. आम्ही सहा जणं झब्बू खेळायला बसलो. आईने पदराखाली तीन पानं दडवली, नातीने ती पकडली, चिरंजीव हसून हसून खुर्चीवरून घसरले. घरी आमचा संवाद “वायफायला काय झालं?” एवढाच असतो. त्या रात्री ते मला सलग दोन तास “बाबा, पान टाका” असं डोळ्यांत बघून सांगत होते. कुठे पोचायची घाई नसलेल्या बोटीचे जास्त पैसे का घेतात, ते मला तेव्हा जरासं समजलं.

रात्री दोनच्या सुमाराला बोट डुलू लागली. खालच्या दोघी शांत झोपल्या होत्या. मी फळीवर पडून सातव्या मिठाईचा पश्चात्ताप करत होतो. साडेचारला आईने खालून काठीने फळीला ढोसलं.

“बाळू, ऊठ. देवगड येईल.”

“तुला काय माहीत?”

“त्या जाकीटवाल्या पोराला विचारून ठेवलंय. पाचच्या पुढे म्हणाला, डाव्या हाताला.”

डेकवर चिटपाखरू नव्हतं. वारा सुटला होता. डाव्या कठड्याला धरून आम्ही उभे राहिलो. बराच वेळ नुसता काळोख. मग खूप लांबवर एक दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. तो विजयदुर्गाच्या बाजूचा की देवगडचा, मला सांगता येईना.

“देवगडचंच दीपगृह हं, आई,” मी छातीठोकपणे म्हणालो.

“मी विचारलं का तुला?” आई म्हणाली. तिने हात जोडले होते. थोड्या वेळाने म्हणाली, “त्या दिवशी मी रडत होते, तर हे म्हणाले, दिवा दिसतोय तोवर बघून घे. मग काळोख झाला आणि मला लागली बोट.”

आम्ही दिवा मागे पडेपर्यंत बघत राहिलो. खरं तर आईच बघत होती. मी कठडा घट्ट धरून श्वास मोजत होतो. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बटव्यात हात घातला.

“लिंबू देऊ?”

सहासष्ट वर्षांपूर्वी आईला तोंड उघडायची सोय नव्हती. तीच परंपरा मी पुढे चालवली.

सकाळी बोट मुरगावला लागली. मला ती आधीच लागली होती, आईला शेवटपर्यंत लागली नाही. गोव्यात हाताशी चार-पाच तास होते. सगळे किनाऱ्यावर गेले, आईने मात्र पूर्वी बोट लागायची तो पणजीचा धक्का बघायचा हट्ट धरला. “पणजी पणजीला चालली” म्हणून नात टॅक्सीत मुरगावपासून ओरडत होती. मांडवीत रंगीबेरंगी बोटी उभ्या होत्या.

“या कुठे जातात?” आईने विचारलं.

“कुठेच नाही. यात जुगार चालतो. इथेच उभ्या असतात.”

“जात नाहीत तर लोक चढतात कशाला?”

याही प्रश्नाला उत्तर नव्हतं. संध्याकाळी परत बोटीवर चढताना आई थांबली. मला वाटलं, दमली. मी हात पुढे केला. तो बाजूला सारून ती म्हणाली, “परतीच्या वाटेला दिवा उजव्या हाताला ना रे? लवकर जेवून घेऊ. आणि त्या स्वयंपाक्याकडून एक लिंबू मागून आण, तुझ्यासाठी.”